बाळूचा ऑफसाइड

“आता बघ हं, गोल मारणारा आधी मागे बघेल,” दत्तात्रय बहिरट नातीला म्हणाले, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर, बर्फावरच्या हॉकीतल्या त्या ताडमाड फिनिश गड्याने खरोखरच मागे वळून पाहिले. त्याचे सोबती बर्फावरून घसरत त्याला मिठ्या मारायला येत होते, पण याचे डोळे निळ्या रेषेपाशी उभ्या असलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातल्या पंचावर.

“हाउ डिड यू नो, आजोबा?” सानिकाने विचारले. वय वर्षे दहा. मराठी सगळे कळायचे, उत्तर मात्र आयर्लंडमधल्या ॲडम्सटाउनच्या शाळेतल्या इंग्रजीत यायचे.

“अगं, ऑफसाइडला कोण होतं हे ज्याचं त्याला आधी ठाऊक असतं. खरा गोल मारलेला माणूस काठी उंचावतो, नाचतो. चोराच्या मनात चांदणं. तो आधी पंचाकडे बघतो.”

आजोबांचा अंदाज फुकट गेला नाही. समोरच्या संघाच्या प्रशिक्षकाने दाद मागितली. पंच कडेला गेले, कानाला हेडफोन लावून छोट्या पडद्यावर तोच क्षण चारदा पुढेमागे करून पाहिला. चेंडूऐवजी असते ती चकती रेषा ओलांडायच्या आधी गड्याचे दोन्ही स्केट आत होते. गोल रद्द. ज्या पंचाने मघाशी काही न दिसल्यासारखे सोडून दिले होते, तोच परत येऊन मुकाट्याने आपल्या जागेवर उभा राहिला. खेळ पुढे सुरू झाला. कोणी त्याच्या अंगावर धावून गेले नाही, कोणी त्याच्या आईबहिणीचा उद्धार केला नाही.

सानिका तिथल्या पद्धतीने ‘ग्रँड’, म्हणजे ठीक, म्हणून बिस्किटे शोधायला गेली. दत्तात्रय मात्र कपातला चहा निवेपर्यंत त्या पंचाकडेच पाहत राहिले. इतके सोपे असते होय, असे त्यांच्या मनात आले. चुकलो म्हणायचे आणि परत जागेवर उभे राहायचे.

आता हा खडकीचा माणूस बर्फावरच्या हॉकीत कसा घुसला, ते सांगायला हवे. दत्तात्रय दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर होते आणि रविवारी हॉकीचे पंच. पंचवीस वर्षे शिट्टी फुंकली. बायको गेल्यावर मुलगी यामिनी म्हणाली, बाबा, तीन महिने या आमच्याकडे. म्हणून २०२० च्या जानेवारीत ते आयर्लंडला आले आणि मार्चमध्ये सगळे जगच बंद झाले. तीन महिन्यांचे वीस महिने झाले. व्हिसाची मुदत सरकार आपणहून वाढवत गेले, आणि यांचा मुक्कामही.

आल्या आल्याच झोपेचे वेळापत्रक बिघडलेले असताना त्यांनी जावयाच्या लॅपटॉपवर ‘हॉकी, युरोप, क्लब’ असे टाइप केले. समोर आले ते भलतेच. मैदान पांढरे, खेळाडू चिलखत घातल्यासारखे आणि चेंडू कोणीतरी हातोड्याने चपटा केलेला. चुकून दुसऱ्याच्या लग्नात जेवायला बसावे तसे ते पाहत बसले. मग रेषेवरच्या पंचाने हात वर केला आणि दत्तात्रय उठून उभेच राहिले. ऑफसाइड! त्यांच्या हॉकीतून पार काढून टाकलेला नियम इथे बर्फात ठणठणीत जिवंत होता.

जावई परेश मेनूथ गावाच्या अलीकडच्या, संगणकाच्या चिपच्या कारखान्यात कामाला. त्याने विचारले होते, बाबा, यात एवढं काय आहे? दत्तात्रयांचे उत्तर तयार होते. देशासाठी खेळणे वेगळे आणि आपल्या आळीसाठी खेळणे वेगळे. ते पाहत त्या युरोपच्या स्पर्धेत देश नव्हते, क्लब होते. कुठल्या डोंगरातल्या गावाचा, कुठल्या पोलादाच्या कारखान्याच्या वस्तीचा संघ, आणि तो उठून मोठ्या राजधानीच्या संघाला पाडायला निघालेला. खडकीच्या कारखान्याचा संघ मुंबईला जायचा तेव्हा ट्रकमधून गाणी म्हणत जायचा, तेच हे.

पण त्या स्पर्धेमागे साडेसाती लागलेली. २०२० मध्ये दत्तात्रयांनी वहीत संघांची नावे देवनागरीत उतरवली, तर आधी ती पुढे ढकलली, मग लहान केली, मग रद्दच केली. एका देशातून दुसऱ्या देशात तीस माणसांना न्यायचे कसे, हाच प्रश्न. २०२१ ला पुन्हा भरली तरी आज या संघात कोणी पॉझिटिव्ह, उद्या त्या संघाचा दौरा अडकलेला, आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या. परेश म्हणाला, बेलफास्टला बर्फाचं स्टेडियम आहे, गाडीने दोन तास, एकदा प्रत्यक्ष दाखवतो. पण बेलफास्ट पडले ब्रिटनच्या हद्दीत, आणि रस्त्यावर न दिसणारी सरहद्द व्हिसाच्या कागदावर बरोबर दिसते. तेही राहिले. तेव्हा लॅपटॉपच बरा.

रिकाम्या खुर्च्यांचे मात्र त्यांना वाईट वाटत नसे. उलट पंचाचा हेवा वाटे. कारण ज्या एका सामन्याने त्यांचे आयुष्य नासवले, तो गर्दीनेच नासवला होता.

साल १९८९. खडकीचे मैदान, अंतिम सामना, शेवटची दोन मिनिटे, बरोबरी. बाळू केदारी हा खडकीच्या संघाचा चोवीस वर्षांचा फॉरवर्ड. रेल्वेचे साहेब त्याला बघायला आलेत, नोकरी जवळजवळ ठरली आहे, अशी सगळीकडे बोलवा. धुळीने दत्तात्रयांचे डोळे चुरचुरत होते. त्यांनी रुमालाने डोळा पुसला आणि नेमका तेव्हाच मागून पास सुटला. रुमाल खाली आला तेव्हा बाळू गोलकीपरसमोर एकटा. त्याने चेंडू आत घातला आणि वळून थेट यांच्याकडे पाहिले. पलीकडच्या संघाची माणसे ‘ऑफसाइड, ऑफसाइड’ म्हणून बोंबलत होती. पास सुटताना बाळू कुठे होता, हे दत्तात्रयांनी पाहिलेच नव्हते. त्यांनी शिट्टी वाजवली.

गोल रद्द झाला आणि जादा वेळात खडकी हरली. बाळूला रेल्वेत नोकरी लागली नाही. त्याने शाळेची व्हॅन चालवत आयुष्य काढले. आणि बत्तीस वर्षे दत्तात्रयांच्या डोळ्यांपुढे ते वळून पाहणे राहिले. न्याय मागणारे डोळे, असे ते स्वतःशी म्हणत. बाळूचे घर दोन गल्ल्या सोडून. त्या गल्लीतून गेले की दुधाची डेअरी तीन मिनिटांवर. हे पोस्टाला वळसा घालून दहा मिनिटांनी पोहोचायचे. बायको विचारायची, इतका वेळ का लागतो? पाय मोकळे करतो, हे म्हणायचे. आयर्लंडात पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी आली तेव्हा शेजारीपाजारी वैतागले. दत्तात्रयांना नवल वाटले नाही. त्यांना गल्लीबंदीची सवय होती.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, जुन्या खेळाडूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कोणाला ना कोणाला श्रद्धांजली असे. एक दिवस क्लबचे सेक्रेटरी आणि तेव्हा बाळूच्याच संघात खेळलेले नंदकुमार यांनी लिहिले, बाळू केदारी ऑक्सिजनवर आहे. दत्तात्रय तीन दिवस जेवले नाहीत. यामिनी घाबरली, ताप बघितला, चाचणी करून आणली. त्यांनी तिला काही सांगितले नाही. देवाला मात्र सांगितले, हा वाचू दे, मी त्याच्याशी बोलतो. बाळू वाचला. आणि माणूस जात मोठी बेइमान, दत्तात्रय बोलले नाहीत. मे गेला, जून गेला, सप्टेंबर संपत आला. आता परतीचे तिकीट आठवड्यावर आले होते. तिथे गेल्यावर पुन्हा दूध, पुन्हा पोस्ट, पुन्हा वळसा.

त्या फिनिश गड्याच्या रद्द गोलाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परेश कामावर, सानिका शाळेत आणि यामिनी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होती. दत्तात्रयांनी नंदकुमारकडून नंबर मागवला. केटल लावली आणि तिचे बटण उडायच्या आत फोन लावला, कारण चहा झाला असता तर चहा पीत बसले असते.

“हॅलो, कोण?” पलीकडे आवाज जड झाला होता, थोडी धापही होती.

“मी बोलतोय. दत्तात्रय बहिरट.”

मागे कुठेतरी रिक्षाचा हॉर्न वाजला.

“अंपायर?” बाळू म्हणाला.

मग दत्तात्रय थांबलेच नाहीत. थांबले असते तर पुन्हा बत्तीस वर्षे गेली असती. त्यांनी धूळ सांगितली, रुमाल सांगितला, पलीकडचा आरडाओरडा सांगितला. मी बघितलंच नव्हतं बाळू, म्हणाले. लोक ओरडले म्हणून वाजवली. तुझी नोकरी गेली. मी तुझ्या गल्लीतून कधी गेलो नाही.

बाळू ऐकून घेत होता. मग त्याला खोकल्याची उबळ आली, आणि ती उबळ मध्येच कुठेतरी हसण्यासारखी झाली.

“अंपायर, एक सांगा. गोल मारल्यावर मी काय केलं?”

“काय केलंस म्हणजे?”

“काठी वर केली? उडी मारली? नंद्याच्या गळ्यात पडलो?”

“नाही.”

“मग कुठं बघितलं?”

“माझ्याकडे,” दत्तात्रय म्हणाले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो याहून निराळा नसेल. पंचवीस वर्षे शिट्टी फुंकून कमावलेली अक्कल, कालच नातीला ऐटीत शिकवलेली, जगातल्या प्रत्येक फॉरवर्डला लावली आणि एकट्या बाळूला तेवढी लावली नव्हती. ते डोळे न्याय मागत नव्हते. ते डोळे शिट्टीची वाट बघत होते.

“चांगला दोन हात पुढं होतो,” बाळू म्हणाला. “मला तेव्हाच कळलं होतं. आणि रेल्वेचं म्हणाल, तर त्यांनी नगरचा एक पोरगा आधीच घेतला होता. आमच्या कोचला दुसऱ्या दिवशी कळलं.”

“मग बोलला का नाहीस?”

घरी गेलो तर आई दारात बसली होती, बाळू म्हणाला. तिनं शेजारणीला सांगून टाकलं होतं, माझा पोरगा लई भारी, पंचानं घात केला. तिला तेवढंच राहू दिलं. कैक वर्षं तुमच्या नावानं बोटं मोडायची, मी ऐकून घ्यायचो. ती गेली तेव्हा म्हटलं, जाऊन सांगावं बहिरटांना. पण तोवर इतकी वर्षं झाली होती, की लाज वाटायला लागली.

“दवाखान्यात नळ्या लावल्या होत्या तेव्हा हेच डोक्यात,” तो म्हणाला. “म्हटलं, हे सांगायचं राहिलं.”

वर यामिनीच्या मीटिंगमधून कोणाचे तरी मोठ्याने हसणे ऐकू आले. दत्तात्रय स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभे होते. फार दिवस उचललेली पिशवी खाली ठेवल्यावर बोटे जशी मोकळी होतात, तसे काहीतरी सगळ्या अंगभर होत होते.

तरी पंच तो पंचच. ते म्हणाले, “निर्णय बरोबर निघाला बाळू, पण मी बघितलं नव्हतं. न बघता वाजवली. ती चूक माझी, ती तशीच राहील.”

“राहू द्या. माझी पण एक आहे. बरोबरी.”

मग बाळूने तिकडच्या थंडीची चौकशी केली, दत्तात्रयांनी त्याच्या ऑक्सिजनची. कधी येताय, त्याने विचारले. पुढच्या बुधवारी, हे म्हणाले. फोन ठेवता ठेवता बाळू जरा अडखळला.

“अंपायर, आल्यावर दूध आणायला आमच्या गल्लीतनं जा. पोस्टावरनं किती लांब पडतं. वर्षानुवर्षं बघतोय मी व्हॅनमधनं.”

दत्तात्रयांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला, पलीकडून बंद झाल्यावरही. केटलमधले पाणी केव्हाच उकळून गप्प झाले होते.

यामिनी जिन्यावरून खाली आली. वडिलांचा चेहरा बघून ती शेवटच्या पायरीवरच थांबली. या दिवसांत खडकीचा फोन म्हणजे वाईट बातमीच, असे झाले होते.

“कोण होतं, बाबा? काय झालं?”

“काही नाही गं. बाळू केदारी होता. आपल्याकडचा रस्ता मोकळा झालाय म्हणे.”

“कुठला रस्ता?”

“डेअरीचा,” दत्तात्रय म्हणाले. त्यांनी डोळे पुसले, कपाट उघडून दोन कप काढले आणि केटलचे बटण पुन्हा दाबले.