फडक्याखालचं इंग्रजी

आमची शाळा शाहूपुरीत गुळाच्या एका जुन्या वखारीत भरायची. शाळेचं नाव सांगत नाही, तिचे दोन माजी चेअरमन अजून हिंडतेफिरते आहेत. वखार रिकामी झाली, पण गूळ काही भिंतीतून गेला नाही. भिंतीला टेकून बसलेलं पोरगं उठलं की सदऱ्याची पाठ भिंतीलाच राहायची. आणि मुंग्या! मी फळ्यावर इंग्रजी वाक्य लिहून वळलो, की शेवटचा पूर्णविराम चालायला लागायचा. एकदा तर तो दुसऱ्याच शब्दापाशी जाऊन बसला आणि पोरांनी वाक्य तिथंच संपवून वह्या दप्तरात घातल्या. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. त्या खोलीत तीन वर्षं इंग्रजी मी शिकवलंय, तुम्ही नाही.

साल चौऱ्याहत्तर. मी लालासाब शिकलगार, वय सव्वीस, सातवी ‘ब’चा हंगामी मास्तर. हंगामी म्हणजे पंगतीला बसलेला, पण पत्रावळीवर अजून काही न पडलेला. आमचा बाप कात्र्या-विळ्यांना धार लावायचा. रोज संध्याकाळी चाक पुसताना विचारायचा, "लालू, कायम झालास का रं?"

"अजून न्हाय, अब्बा."

"हे मातर कायम हाय बघ," म्हणत तो चाकावर थाप मारायचा.

त्या वर्षी शाळेची तपासणी होती. शिक्षणखात्याच्या तपासनिसांना आम्ही सगळे दिपोटी म्हणायचो. आमच्या भागाचे दिपोटी रणनवरे साहेब. उन्हाळ्यात सुद्धा कोट, वर टाय, आणि बोलणं सगळं इंग्रजीत. दोन हंगामी मास्तरांना त्यांनी एका शेऱ्यात घरी बसवलं होतं. आता पाळी माझी. शेरा चांगला पडला तर कायम, नाहीतर बापाचं चाक.

आणि माझा वर्ग कसा? हमालांची, गाडीवानांची, भाजीवाल्यांची पोरं. मराठीत बोलायला लागली की रस्त्यावरचे बैल जागच्या जागी थांबायचे. इंग्रजीचा तास आला की सगळ्यांच्या दातखिळ्या. तीन वर्षांत त्यांच्या तोंडून ‘येस सर’ सोडून मी काहीही काढू शकलो नव्हतो.

आणि तपासणीला तीन दिवस राहिले असताना चमत्कार झाला. मी शब्दांच्या जाती विचारत होतो. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, अशा आठ. ज्याला विचारावं तो बरोबर! जो मौलाली आपलं नाव इंग्रजीत लिहिताना वही फिरवून घ्यायचा, तोसुद्धा बरोबर! माझे डोळे भरून आले. म्हटलं, लालासाब, तू थोर शिक्षक आहेस, जगाला कळायला उशीर झाला.

पुढचा शब्द विचारला, ‘रन’. पळणे. पहिली चार पोरं म्हणाली, क्रियापद. मौलाली म्हणाला, विशेषण. आणि त्याच्या पुढची सगळी ओळ, दारापर्यंत, छातीठोकपणे विशेषणच म्हणाली.

मी सरळ जाऊन पोरांनी मांडीवर ओढून घेतलेली बसकरपट्टी उचलली. खाली सगळ्यांचे हात एकमेकांच्या हातात! मौलालीच्या एका बोटाला कापलं होतं म्हणून ही जाडजूड चिंधी बांधलेली. आणि ओळीच्या टोकाला, सगळ्याचं मूळ, शहाजादी बेपारी.

ही दिलदार बेपाऱ्याची एकुलती एक पोरगी. दिलदार जनावरांचा दलाल. वडगावच्या बाजारात बैलाचा भाव कुणी तोंडानं बोलत नाही. देणारा आणि घेणारा हातात हात घालतात, वरून टॉवेल टाकतात आणि बोटं दाबून भाव करतात. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. शहाजादी सहा वर्षांची असल्यापासून बापाबरोबर बाजारला जायची. तिनं शब्दांच्या आठ जातींना आठ आकडे दिले होते. एक बोट दाबलं की नाम, चार दाबली की क्रियापद. उत्तर तिच्याकडून निघायचं आणि बसकरपट्टीखालून दारापर्यंत जायचं. मौलालीच्या चिंधीत एक दाब हरवला, एवढंच.

"ही चोरी आहे, शहाजादी!"

"न्हाय सर." ती शांतपणे म्हणाली. "उघड्यावर सांगितलं तर चोरी. झाकून सांगितलं तर येव्हार हुतोय. आन् उत्तरं समदी म्या पाठ केल्यात की. म्या काय चोरलो?"

खऱ्या शिक्षकानं छडी घेतली असती. मी हंगामी होतो. मला चाकाकडं बघणारा बाप आठवला आणि मी खालच्या आवाजात म्हणालो, "मौलालीला मधे बसवू नका."

तपासणीच्या दिवशी रणनवरे साहेब आले. गुळाच्या वासानं त्यांनी नाक मुरडलं, टाय सारखा केला आणि सरबत्ती सुरू केली. आमचं बिनतारी खातं झकास चाललं. उत्तर पोराच्या तोंडात आधी, प्रश्न साहेबांच्या तोंडात नंतर, इतकं झकास. तिथंच घोळ झाला. साहेब थांबले, मागं हात बांधून ओळीतून एक चक्कर मारली आणि एकदम ओरडले, "ऑल स्टँड अप!"

अख्खी ओळ उठली. हातात हात तसेच. वर बसकरपट्टी. कोळ्यानं पंचगंगेतून जाळं उचलावं तशी ती पट्टी उचलली गेली आणि खाली बारा मासे लटकत होते.

माझ्या कानात बापाचं चाक फिरायला लागलं. अगदी ठिणग्यांसकट.

"व्हॉट इज धिस?" साहेबांनी ओळीच्या टोकाकडं, शहाजादीकडं, हात लांब केला.

आता सरळ माणसाला कळलं असतं की साहेब बोट दाखवतायत. पण शहाजादीच्या घरी परक्या माणसानं हात पुढं केला की त्याचा अर्थ एकच. तिनं टेबलावरचं फळा पुसायचं फडकं उचललं, साहेबांच्या हातावर टाकलं आणि खाली आपला हात घातला. वर मी शिकवलेलं अदबीचं वाक्यसुद्धा म्हणाली, "हाऊ डू यू डू, सर."

त्या फडक्यात तीन वर्षांचा खडू होता. असा धुरळा उठला की समोरच्या दुकानदारानं दिवा लावला म्हणतात. धुरळा बसला तेव्हा साहेब पांढरे झाले होते, पण हात त्यांनी काढला नव्हता! फडकं हलत होतं. चेहरा इंग्रजीच होता, पण खांदा हळूहळू वडगावचा व्हायला लागला. शहाजादी मान हलवून "न्हाय" म्हणायची. साहेबांची भुवई उडायची. पुन्हा फडकं हलायचं. वर्गात मुंग्यासुद्धा थांबल्या.

आणि साहेबांच्या तोंडून निसटलंच, "अगं ए पोरी, दात बगितल्याबगार कोण सौदा करतंय?"

वर्ग खो खो हसला. साहेबांनी जीभ चावली, पण आता कोटाला काही अर्थ उरला नव्हता. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "माल दाखवा, मास्तर. सगळ्यांचे हात डोक्यावर! पुस्तकात म्हाताऱ्या घोड्याची कविता आहे ना? कवी त्यात काय म्हणतो, ते इंग्रजीत सांगायचं. आपल्या शब्दांत."

आपल्या शब्दांत! आमच्याकडं आपले शब्द कुठले? बारा-बारा चोवीस हात डोक्यावर, आणि तोंडं बंद. मी मनातल्या मनात विळा घेऊन चाकापाशी बसलोसुद्धा.

तेवढ्यात शहाजादी म्हणाली, "सर, ह्या कवीला घोडा इकायला येत न्हाय."

"इन इंग्लिश!"

"पोएट नो सेल हॉर्स, सर. पोएट ओन्ली क्राय." ती एक पाऊल पुढं आली. डोक्यावरचे हात आपोआप खाली आले आणि समोर घोडा उभा असल्यासारखे हवेत फिरायला लागले. "धिस हॉर्स नॉट ओल्ड! आईज गुड. लेग्ज गुड. लिटल टायर्ड, सर. यू गिव्ह ग्रास, ही रन!"

मागून मौलालीला राहवेना. "नो सर! डोन्ट टेक! टीथ नो! वन लेग स्मॉल!"

"यू शट! ही इज जेलस, सर!"

"हॉर्स स्लीप ऑल डे!"

"ही नो स्लीप! ही थिंक!"

मग काय, सातवी ‘ब’ पेटली. कुणी घोड्याच्या शेपटीला नावं ठेवतंय, कुणी त्याच्या आईचे गुण सांगतंय. तीन वर्षं मी विशेषणं फळ्यावर लिहिली होती, ती सगळी त्या दिवशी घोड्याच्या अंगावर जाऊन बसली. व्याकरण लंगडत होतं, पण चालत होतं. साहेब उठून उभे. "टू मच! टू ओल्ड! आय से, शो मी हिज टीथ!" शेवटी त्यांनी जमिनीवर बसून त्या नसलेल्या घोड्याचे खूर तपासले. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. कोटाच्या शेपटासकट.

घंटा होऊन गेल्याचं शिपायानं तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा साहेब भानावर आले. मी त्यांना सोडायला दारापर्यंत गेलो. शेऱ्याबद्दल विचारायची हिंमत नव्हती. साहेबांनी खिशातून पांढरा रुमाल काढला आणि म्हणाले, "हात द्या, मास्तर."

मी दिला. त्यांनी वर रुमाल टाकला, आतून काहीतरी दाबादाबी केली, तळहातात काहीतरी ठेवलं, माझी मूठ मिटली आणि सायकलवर बसून निघून गेले.

आमचं घराणं धारेचं. बोटांची भाषा आम्हाला कुठली? मूठ तशीच घट्ट धरून मी वर्गात आलो. पोरं निघून गेली होती, शहाजादी फडकं झटकत होती.

"शहाजादे, साहेबांनी हातात काय सांगितलं गं?"

"मला काय ठावं? कसं दाबलं, दावा की."

मी हात पुढं केला, तिनं फडकं टाकलं. आठवेल तसं दाबून दाखवलं. आधी पंजा, मग दोन बोटं.

"सात," ती नाक मुरडून म्हणाली. "म्या तुमच्यासाठी धावर हुतो, त्यो चारावर. आठावर येऊन थांबलं हुतं. दारात येऊन एक कापला बगा. लई बेरकी."

"दहापैकी सात? मग मी कायम का हंगामी?"

"मुठीत काय हाय?"

मूठ उघडली. खडूचा तुकडा होता. साहेबांनी जाता जाता आमच्याच फळ्यावरचा उचललेला.

"अवो, मग इसार दिलाय की!" ती हसायला लागली. "मुठीत इसार ठिवला की सौदा पक्का. आता त्येच्या बापाला बी मागं फिरता येत न्हाय."

कायम केल्याचा खात्याचा हुकूम दोन महिन्यांनी आला. पण मी त्याच संध्याकाळी बापाच्या चाकावर तो खडू ठेवला आणि म्हणालो, "अब्बा, कायम." बापानं खडू उलटासुलटा करून बघितला, त्याची धार अंगठ्यानं तपासली आणि पहिल्यांदाच चाकाऐवजी माझ्या पाठीवर थाप मारली.

मात्र त्या दुपारी मी खोलीतून बाहेर पडायच्या आधी शहाजादीनं फडकं पुन्हा माझ्या हातावर टाकलं.

"आता काय?"

"दलाली, सर. आट दिस घरचा अभ्यास न्हाय. समद्या वर्गाला."

मी म्हटलं, चार. तिनं मान हलवली. मी पाच म्हटलं. फडकं हललं. बाहेर आलो तेव्हा आकडा पंधरावर ठरला होता. आठाचे पंधरा कसे झाले, ते मला आजतागायत कळलेलं नाही.