सुपात पडलेला धबधबा

माझ्या भाचीला आम्ही घरात चिमटी म्हणतो. लहानपणी ती कानाला चिमटा काढायची आणि एकदा काढला की सोडायची नाही. तिचा डूख कसला असतो ते माझ्या डाव्या कानाला विचारा. उजव्यापेक्षा तो बोटभर लांब आहे.

या चिमटीने एक प्रोग्रॅम लिहिला. त्याला ती सूप म्हणायची. त्यात वाटेल तेवढा मजकूर ओता, सूप आधी त्यातली वाक्यं सुटी करी, मग एकेक पाखडी. ज्यात काही सांगितलंय ते भरीव, ठेवायचं; नुसती हवा ते फोल, उडवायचं. यंत्राला हे आपोआप कळत नाही. त्यासाठी चिमटीने वर्षभर वाक्यं वाचून एकेकावर हाताने खूण केली होती.

तिच्या साहेबाला सगळे धबधबा म्हणत. त्याच्या भाषणाला लोक दाढी करून जात आणि घरी येईपर्यंत ती पुन्हा वाढलेली असे. या गृहस्थाने सूप स्वतःच्या नावावर खपवलं. चिमटी विचारायला गेली तर म्हणाला, खुणा काय कुणीही करतं, डोकं माझं. ती घरी आली, शांतपणे जेवली. मी तेव्हाच कान झाकून घेतले.

"सुपाला माझं नाव तर तोच देईल, मामा," ती म्हणाली. "चारचौघांत, स्वतःच्या तोंडाने."

दुसऱ्या दिवसापासून तिने सुपाला नवा खुराक सुरू केला: साहेबाची आजवरची सगळी भाषणं. खोटी खूण मात्र एकाही वाक्यावर केली नाही. तशी गरजच पडली नाही म्हणे.

मग एका वर्तमानपत्राच्या मालकीणबाई सूप विकत घ्यायला आल्या. खुर्च्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून मलाही नेऊन बसवलं होतं. धबधबा सुटला. सुपाला शिकवलेलं एकूण एक वाक्य मी स्वतः तोलून खूण केलीय, म्हणाला, यात चूक निघाली तर नाव बदलेन. भिंतीवरची पाल झोपून खाली पडली तेव्हा कुठे तो थांबला.

चिमटी नम्रपणे म्हणाली, साहेबांचं आत्ताचं भाषण संगणकाने टिपून घेतलंय, तेच पाखडून दाखवू का? बाईंनी मान हलवली. सुपाने इतकं फोल उडवलं की खिडकीचे पडदे छताला चिकटले. संगणकाच्या पडद्यावर एकच वाक्य उरलं: 'जरा पाणी द्या.'

"म्हणजे सूप चुकतंय," बाईंनी विचारलं, "की तुम्ही आमची दुपार फुकट घालवलीत?"

धबधबा कात्रीत सापडला. सूप चुकतंय म्हणावं तर सौदा गेला. बरोबर म्हणावं तर आपण फोल, आणि तेही आपल्याच हातच्या खुणांनी. घाम पुसून शेवटी तो पुटपुटला, "सूप हिने केलंय. खुणाही हिच्याच. मी उघडूनसुद्धा पाहिल्या नाहीत."

"हेही घालते," चिमटी म्हणाली.

सुपाने तिन्ही वाक्यं ठेवली.

सौदा चिमटीशी झाला. ती तीन वाक्यं तिने हातभर अक्षरांत छापून साहेबाच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर लावली. झालं तेवढं पुरे, आता उतरव, असं मी एकदा सुचवून पाहिलं.

तिने माझ्या उजव्या कानाकडे पाहिलं. मी विषय बदलला.