तुंब्यातली शिट्टी

रविवारी सकाळपासून दिघोरीच्या समाजमंदिरासमोर चपलांचा ढीग पडला होता. आत पाटावर भगव्या कापडात गुंडाळलेला एक वाळका तुंबा बसला होता. शेतावर पाणी न्यायला वापरतात तसाच, पोटाला फुगीर आणि मानेला बारीक. फरक इतकाच की हा तुंबा बोलत होता.

"नाकाडोंगरीच्या जंगलात ज्या वेलीले सात वर्स फूल आलं नाही, त्या वेलीचं हे फळ होय," कापडाखाली दोन्ही हात घालून तुंबेवाले महाराज सांगत होते. "आपुन बालब्रह्मचारी मानूस. आपल्याले काही येत नाही. बोलते तो तुंबा. आपुन फकस्त धरून बसतो."

"फुलाबिगर फळ आलं म्हने," रेणू आजीच्या कानात पुटपुटली. "कॉलेजात सांगतो उद्या." रेणू लाखांदूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती.

"चूप बस," तिचे वडील यादोराव म्हणाले. त्यांनी आपल्या आईचा, धुरपताबाईचा, हात घट्ट धरला होता.

धुरपताच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. माणसं तिला पावलांवरून कळत. गेल्या रोवण्यात, म्हणजे भातलावणीत, तिने धानाचे परे चिखलात लावायचे ते शेजारच्या बेबीबाईच्या पायाच्या बोटांत खोचले होते. बाया पोट धरून हसल्या, तीही हसली. पण दुसऱ्या दिवसापासून तिला कोणी भाताच्या बांधीत उतरू दिलं नाही. ते तिला फार लागलं होतं. म्हणून तर तिने डोळ्यांच्या शिबिरात नाव दिलं होतं. शिबिर याच गुरुवारी होतं, लाखांदूरला.

तिच्याआधी भैय्यालालचा नंबर लागला. त्याने गुडघ्याच्या ऑपरेशनचं विचारलं. महाराजांनी डोळे मिटले. मग तुंब्याच्या पोटातून घोगरा आवाज आला, "देहाले लोखंड लावू नको. माझं पानी वापर. सात सोमवार."

लोकांनी हात जोडले. महाराजांच्या शिष्या ललितामाता यांनी भैय्यालालला कुंकू लावून पाण्याची बाटली दिली.

मग धुरपता पुढे सरकली. "माह्या डोळ्याचं सांगा."

"देहाले लोखंड लावू नको. माझं पानी वापर. सात सोमवार."

घरी येताच यादोरावांनी बाटली देव्हाऱ्यात ठेवली. "माय, गुरुवारचं राहू दे. पुढच्या सोमवारपासून हे पानी डोळ्यात घालू."

"बाबा, ते पानी कुठचं आहे हे तरी माहीत आहे का?" रेणू म्हणाली. "मोतीबिंदू म्हनजे डोळ्यातलं भिंग गढूळ होते. पान्यानं धुतल्या जात नाही ते."

"तू दोन बुकं शिकली म्हनून देवाले शिकवशील का? डागदरकडे नेलं अन् काही वाकडं झालं, तं मीच म्हनीन का देवानं नाही म्हनलं तरी नेलं."

त्यांचा आवाज शेवटी कापला. धुरपताने ते ऐकलं. मुलगा हट्टी नव्हता, घाबरला होता.

दुपारी ती ओसरीवर बसली आणि गळ्यातला गाण्याचा डबा तिने कानाला लावला. काडेपेटीएवढा तो प्लेअर रेणूने चार महिन्यांपूर्वी आणला होता. दिसत नाही तर ऐकायला तरी काही असावं म्हणून. मधली फुगीर कळ दाबली की सुरू, उजवीकडची दाबली की पुढचं गाणं, डावीकडची दाबली की मागचं. धुरपता तीन दिवसांत शिकली. चौथ्या दिवशी काळजीने म्हणाली होती, "अवं रेणू, या भजनवाल्याले रोज खोकला येते. अन् रोज त्याच जागेवर. कोनी औषध देत नाही का त्याले?"

रेणू हसून लोळली होती. मग नीट बसून तिने सांगितलं होतं, "आजी, आत कोनी गात नाही. त्यानं एकदाच गायलं, एकदाच खोकलला. आवाज म्हनजे हवेची थरथर. यंत्रानं ती एका सेकंदात हजारो वेळा मोजली अन् ते आकडे नखाएवढ्या पत्रीवर लिहून ठेवले. कळ दाबली का यंत्र ते आकडे वाचते अन् तीच थरथर पुन्हा करते. जे लिहिलं तेच. गानंही तेच, खोकलाही तोच."

आज ते भजन लागलं. तिसऱ्या कडव्यानंतर गायक खोकलला. धुरपताचा हात कळेवर थांबला.

"रेणू," तिने हाक मारली. "त्या तुंब्यानं 'लोखंड' म्हनलं ना, त्याच्या मागं बारीक शिट्टी वाजली. फिस्स करून. भैय्यालालच्या वक्ती वाजली, अन् माह्या वक्तीही. त्याच जागेवर."

"मले तं नाही ऐकू आली."

"तुले डोळे आहेत, तुले काहून येईन? मानूस एकच गोष्ट दोनदा सांगते तं श्वास तरी इकडचा तिकडं होते. हा तुंबा खोकलेवाल्याच्या जातीचा आहे. अन् बोलाच्या आधी कापडात टिक वाजते."

रेणूने आजीकडे पाहिलं. "आजी, परीक्षेले तूच बस माह्या जागी."

बुधवारी दोघी पुन्हा समाजमंदिरात गेल्या. यादोराव सोबत होतेच. डोळ्यात पाणी सकाळी घालायचं की सायंकाळी, हे त्यांना विचारायचं होतं.

"महाराज, आधी पाया लागतो," म्हणत धुरपता चाचपडत पुढे झाली आणि तिने तुंब्यालाच मिठी मारली. कपाळ टेकवलं. आंधळ्या म्हातारीला ढकलायचं कसं? महाराजांनी हात काढून घेतले. कापडाखाली धुरपताच्या अंगठ्याला ओळखीची जागा लागली. मधली कळ फुगीर, बाजूला दोन चपट्या. तिने उजवीकडची दाबली.

"पोरगा होईल," तुंबा म्हणाला.

"सत्तरीत?" बेबीबाई मागून म्हणाली आणि खसखस पिकली.

टिक. "चोर घरातलाच आहे."

"बुढे, सोड," महाराज कासावीस झाले. "तुंबा कोपून जाईन."

"कोपू द्या ना. त्याले आज बोलाचं दिसते."

टिक. आता आतून घसा खाकरण्याचा आवाज आला. मग तोच घोगरा सूर, "देहाले लो..." फिस्स्स. आणि घोगरेपणा सोडून स्वच्छ महाराजांचाच आवाज, "अवं ललिता, कुकर बंद कर ना. मी इकडं देव बनून राहिलो अन् तुही डाळच शिजत नाही."

जोडलेले हात एकेक करून सुटले.

"महाराज," बेबीबाईने शांतपणे विचारलं, "बालब्रह्मचाऱ्याच्या घरी डाळ कोन शिजवते?"

सगळ्यांच्या माना ललितामातेकडे वळल्या. तिने पदर तोंडावर घेतला आणि नवऱ्याला म्हणाली, "मी म्हनलंच होतं, ते खराब झालेलं पुसून टाका म्हनून."

रेणूने तुंबा उलटा केला. बुडाशी गोल कापून मेणाने बसवलेलं झाकण होतं. ते निघालं आणि छोट्या स्पीकरला जोडलेला प्लेअर बाहेर आला. कळांपुरती तुंब्याला खिडकी कोरलेली होती. तिने तो आजीच्या गळ्यातल्या प्लेअरशेजारी धरला. दोन्ही एकाच घाटाचे. कोणीतरी पोलीस पाटलांना फोन लावला. महाराज उठायला गेले, पण दारातल्या चपलांच्या ढिगातून त्यांना स्वतःची जोडी काही सापडेना.

"भैय्यालालकाका, हे घ्या, तुम्हीच दाबा," रेणू म्हणाली. भैय्यालालने दाबून पाहिलं. लोखंडाचं वाक्य आलं, शिट्टीसकट. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तो पाण्याची बाटली दाराबाहेर ओतून आला.

"यंत्र वाईट नाही," रेणू सगळ्यांना म्हणाली. "माह्या आजीले ते रोज भजन ऐकवते. पन त्यात जे भरलं तेच ते बोलते. त्याले तुमचा गुडघा दिसत नाही, आजीचा डोळा दिसत नाही. आवाज कुठूनही येवो, बोलते कोन हे इचारा. झाकलेलं असन तं उघडून पाहा. अन् जो पाहू देत नाही, त्याच्या सांगन्यावर औषध सोडू नका."

यादोराव खाली मान घालून उभे होते. पुढे येऊन आईचा हात धरत म्हणाले, "माय, उद्या सात वाजताची यष्टी आहे. तुही थैली भरून ठेवतो."

जुलैत रोवणा सुरू झाला. धुरपता पुन्हा बायांच्या ओळीत उभी राहिली, गळ्यात प्लेअर, हातात पऱ्यांची पेंढी. ती वाकली तसा शेजारच्या बेबीबाईने सवयीने पाय मागे घेतला.

"राहू दे वं पाय," धुरपता म्हणाली. "दिसून राहिला मले."