लाल ओळ आलीच नाही

मित्रांनो, दिवसभर टेबलावर बसून असतो म्हणून मला आळशी समजू नका. मी कॉम्प्युटर आहे, वय वर्षं अकरा. तुमच्यात अकरा म्हणजे झाडावर चढायचं वय. आमच्यात अकरा म्हणजे हातात काठी घ्यायचं वय. सुरू होताना माझा पंखा खोकतो. कीबोर्डवरचं एक अक्षर पार पुसून गेलं आहे. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात गोंदाचा एक थेंब वाळून बसला आहे, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडतो. ती माझ्या कामाची खूण आहे.

ज्या दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले, तिथले माझे भाऊबंद मोठमोठ्या कचेऱ्यांत गेले. मला मात्र एका बूट शिवणाऱ्याने आणलं. सगळीकडे कातड्याचा वास, हातोडीची ठकठक आणि नाकातोंडात जाणारी धूळ! आपलं नशीबच फुटकं, असं मी पहिले काही दिवस धरून चाललो होतो.

पण हे बूट साधे नव्हते. कुणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो, कुणाची टाच जमिनीला टेकतच नाही, कुणाची बोटं एकमेकांना चिकटलेली असतात. दुकानात तयार बूट मिळत नाहीत, अशा पायांसाठी माझे मालक बूट करतात. त्यांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नाही, तरी सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांची बायको, म्हणजे मास्तरीणबाई, खिडकीपाशी मशीनवर बुटाचा वरचा भाग शिवतात. एकमेकांशी दोघं दिवसभर जेमतेम वीस वाक्यं बोलतात आणि त्यातली दहा चहाबद्दल असतात.

मास्तरांची पद्धत अशी. कागदावर पाय ठेवायला लावायचा, कडेने पेन्सिल फिरवायची आणि ती रेघ स्कॅनरमधून माझ्याकडे द्यायची. मग तो कागद कातड्यावर चिकटवून कापला जातो आणि संपतो. रेघ उरते ती फक्त माझ्यापाशी. पुढच्या वर्षी नवी रेघ आली की मास्तर ती जुनीवर ठेवून बघतात. पाय कुठे वाढला, कुठे वाकला, बूट कुठे उचलायचा, हे त्यांना त्यावरून कळतं. या फायलींना ते माणसांची नावं देत नाहीत. ‘टाच-उचल’, ‘डावा भित्रा’, ‘घाईवाली’, असली नावं देतात. त्यामुळे त्यांच्याशिवाय कुणाला काही सापडत नाही.

ते दोन बोटांनी टाईप करतात. उजवं बोट जोरात पडतं, डावं जरा बिचकत. हजार माणसांत मी ती बोटं ओळखीन. शंभराच्या वर पायांच्या रेघा मी सांभाळल्या, आणि एका आईने एकदा माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं, “आमच्या पोरीचा पाय डॉक्टरांच्या आधी याला कळतो.” त्या दिवशी माझा पंखा उगाचच जोरात फिरला.

मित्रांनो, आता ज्या आठवड्याची गोष्ट सांगतो, तो आठवडा आठवला की मला अजून शरम वाटते.

मास्तरांची मुलगी दुसऱ्या गावी असते. रविवारी दुपारी ती आली आणि म्हणाली, “बाबा, याचा डेस्कटॉप फार जुना झालाय. आता त्याच्या दुरुस्त्या येणं बंद होईल. मी नवा घालून देते.” डेस्कटॉप म्हणजे माझा पडद्यावरचा चेहरा. मागचं चित्र, यादी, चौकोनी खुणा, सगळं त्यात आलं. अकरा वर्षं एकच तोंड घेऊन बसलेला मी, नव्या चेहऱ्याच्या कल्पनेने हरखून गेलो.

सगळं नीट उतरलं. मग तिने मला बंद करून पुन्हा सुरू केलं. नवा चेहरा पहिल्यांदा चढवायचा म्हणजे माझ्या वयाला वेळ लागणारच. दोन मिनिटं थांबली असती तर मी आपोआप समोर आलो असतो. पण तिची पाचची बस होती आणि माझा पडदा काळाच राहिला होता. तिने कळा दाबून मला नुसत्या पांढऱ्या अक्षरांच्या पडद्यावर नेलं.

“बाबा, तुमचं नाव आणि पासवर्ड टाका.”

“तू मान फिरव.”

“बाबा! मी तुमची मुलगी आहे.”

“मुलगी आहेस म्हणून तर सांगतोय. परक्याला दाराबाहेर उभं केलं असतं.”

या पडद्यावर पासवर्ड टाकताना काहीच उमटत नाही, ठिपकासुद्धा नाही. मास्तरांचं बोट अडखळलं. “काही दिसतच नाही गं.” “तिथे तसंच असतं, बाबा, टाका तुम्ही.” त्यांनी टाकला. मग मुलीने घाईघाईने नवा चेहरा बोलावण्याचा हुकूम लिहिला, पण तो मोठ्या किल्लीने. म्हणजे काय, ते सांगतो. माझ्यात दोन मालक असतात. एक रोजचा, म्हणजे मास्तर. दुसरा सर्वाधिकारी, ज्याला कुठलंच दार बंद नाही. त्याची किल्ली दुरुस्तीपुरती काढायची आणि लगेच ठेवून द्यायची, असा दंडक आहे. मुलीने मास्तरांच्या घरात सर्वाधिकाऱ्याला आणून बसवलं. चेहरा झटकन आला. निळं चित्र, नवी यादी, सगळं कसं चकचकीत! “झालं, बाबा!” म्हणून तिने मला बंद केलं आणि बस पकडली.

सोमवारी सकाळी मास्तरांनी पासवर्ड टाकला. मी तो तपासला. तंतोतंत बरोबर. आनंदाने मी दार उघडलं आणि त्यांची खोली मांडायला घेतली. खोली मांडताना दर वेळी मला त्यांच्या कप्प्यातल्या एका छोट्या फाइलीत नोंद करावी लागते. बघतो तर त्या फाइलीवर मास्तरांचं नावच नाही! रविवारच्या घाईत तिच्यावर सर्वाधिकाऱ्याचं नाव चढलं होतं. दुसऱ्याच्या नावाच्या फाइलीत मास्तरांसाठी मला लिहिता येत नाही. नियम म्हणजे नियम. पडदा क्षणभर काळा झाला आणि मी मास्तरांना पुन्हा दारात आणून उभं केलं. आत घेऊन परत बाहेर काढलं म्हणा ना.

“चुकलं वाटतं,” मास्तर पुटपुटले.

त्यांनी पुन्हा टाकला, मग सावकाश टाकला, मग चष्मा पुसून टाकला. सतरा वेळा टाकला आणि सतराही वेळा बरोबर टाकला. सतराही वेळा मी त्यांना घालवून दिलं. ओरडून सांगावंसं वाटत होतं की मास्तर, चूक तुमची नाही! पण मला दिलेली वाक्यं मोजकी, आणि त्यांत हे वाक्य नव्हतं.

त्यांनी मुलीला फोन लावला. फोनवरून कॉम्प्युटर दुरुस्त करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. ती म्हणाली, “बाबा, पासवर्ड चुकत असेल. कॅप्स लॉक बघा.”

“बघितलं.”

“मग नीट आठवा. दुसरं काही असणारच नाही. काल सगळं चालू होतं ना माझ्यासमोर?” जरा थांबून तिचा आवाज मऊ झाला. “बाबा, रागावू नका, पण परवा तुम्ही गॅसवर दूध विसरलात म्हणे, आई सांगत होती. माझ्या मुलाची शाळा कधी सुरू होते ते दोनदा विचारलंत. आपण एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ या.”

ती मायेने बोलत होती, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण मला ते सहन झालं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि चोर कोण हे एकट्या मला माहीत होतं.

मंगळवारी ‘घाईवाली’ आली. ही सात वर्षांची आहे, एक पाय आखूड, पण चालणं असं की आईला मागे पळावं लागतं. जुना बूट तिला बोचायला लागला होता. मास्तर माझ्यासमोर बसले, एकदा पासवर्ड टाकला, पडदा काळा झाला, परत दार आलं. ते उठून तिच्या आईला म्हणाले, “मागच्या रेघा मला काढता येत नाहीत. तुम्ही दुसरीकडे बघा. आता माझ्या डोक्याचा भरवसा नाही. अंदाजाने बूट केला आणि पोरीचा पाय बिघडला, तर काय करू?”

“आम्ही कुठे जाणार, मास्तर?” आई म्हणाली. त्या दोघी गेल्यावर त्यांनी खडू घेतला आणि दाराच्या फळीवर लिहिलं, ‘काम बंद आहे’. चाळीस वर्षांचं काम त्यांनी तीन शब्दांत संपवलं. माझ्यामुळे.

मास्तरीणबाईंनी मशीन थांबवलं. “पुसा ते.”

“राहू दे. उद्या कात्री कुठे ठेवली ते विसरेन, परवा तुझं नाव.”

“माझं नाव विसरून बघाच,” बाई म्हणाल्या. पण मशीन काही त्यांनी त्या दिवशी पुन्हा सुरू केलं नाही.

बुधवारी दुपारी मास्तर आत जाऊन पडले. बाई कधी नव्हे त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांना कॉम्प्युटरचं ओ का ठो कळत नाही. पण चाळीस वर्षं संसार केला, तर नवऱ्याच्या मनातला एक शब्द ओळखता येऊ नये? त्यांनी आधी स्वतःचं नाव टाकलं. मी लाल ओळ दाखवली, ‘पासवर्ड चुकीचा आहे. पुन्हा प्रयत्न करा.’ स्वतःचं नाव नाही म्हटल्यावर त्या जरा फुगल्या. मग मुलीचं लाडाचं नाव टाकलं, लाल ओळ. मेलेल्या कुत्र्याचं नाव टाकलं, लाल ओळ. तिसऱ्यांदा ओळ आली तेव्हा त्यांचं बोट हवेतच थांबलं.

“अहो! इकडे या आधी.”

“काय झालं?”

“तुमचा तो पासवर्ड टाका. मी मान फिरवत नाही, पडद्याकडे बघणार आहे.”

मास्तरांनी कंटाळून टाकला. पडदा क्षणभर काळा झाला, परत दार आलं.

“आता सरका.” बाईंनी काहीतरी भलतंच बडवलं. लाल ओळ. “बघितलंत? मी टाकलं की हा लाल अक्षरांत खेकसतो. तुम्ही टाकलं की एक अक्षर बोलत नाही. तीन दिवस मशीनवरून बघतेय मी, तुम्हाला एकदाही लाल ओळ आली नाही.”

मित्रांनो, मला हात असते तर मी बाईंचे पाय धरले असते. शिवणकामात त्यांचा एक टाका चुकला तरी त्यांच्या नजरेतून सुटत नाही, आणि तीच नजर त्यांनी माझ्यावर वापरली होती.

बाईंनी मुलीला फोन लावून हे जसंच्या तसं सांगितलं.

“आई, परत सांग. लाल ओळ येतच नाही?”

“नाही म्हणजे नाही.”

“बाबांना दे.” आता तिच्या आवाजात घाई नव्हती. तिने तीन कळा एकदम दाबायला सांगितल्या, आणि तो पांढऱ्या अक्षरांचा पडदा आला. मास्तरांनी नाव टाकलं. पासवर्ड टाकला. उजवं बोट जोरात, डावं बिचकत. इथे खोली मांडायची नसते, त्या फाइलीत लिहायचंही नसतं. मी त्यांना सरळ आत घेतलं.

“बाबा, काय दिसतंय?”

“माझं नाव. आणि पुढे एक रेघ लुकलुकतेय.”

“म्हणजे पासवर्ड बरोबर आहे, बाबा. पहिल्यापासून बरोबर होता.”

मास्तर खुर्चीत मागे टेकले. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ लावला नाही. बाईंनी पदराने उगाच माझा पडदा पुसला.

मग मुलीने एक ओळ लिहायला सांगितली. फायलींची यादी आली, प्रत्येकीपुढे मालकाचं नाव. मास्तर मोठ्याने वाचत गेले, “माझं, माझं, माझं... हे माझं नाही. हे दुसरंच काहीतरी आहे.”

“बाबा,” मुलीचा आवाज फुटला, “ही चूक माझी आहे. रविवारी मी घाईत मोठ्या किल्लीने डेस्कटॉप सुरू केला. ते नाव माझ्यामुळे चढलं. आणि मी तुम्हाला म्हटलं की तुम्ही विसरताय.”

“रडू नकोस. पुढचं सांग.”

ती एकेक अक्षर सांगत गेली, मास्तर एकेक अक्षर दाबत गेले. एकदा मधली जागा सोडायची राहिली, तर त्यांनी स्वतःच ओळखून परत लिहिलं. मोठी किल्ली दुरुस्तीपुरती निघाली, त्या फाइलीवर त्यांचं नाव आलं आणि किल्ली लगेच जागेवर गेली. ते दाराशी परतले, पासवर्ड टाकला, पडदा काळा झाला, आणि या वेळी मी त्यांची खोली मांडून दिली. एकूण एक रेघ जागच्या जागी होती.

“यादी वर नेऊन ठेवलीये मेल्यांनी,” मास्तर कुरकुरले. पण ‘घाईवाली’ त्यांनी पाच मिनिटांत शोधून काढली आणि तिच्या आईला फोन लावला. “आत्ताच या. पोरीला म्हणावं, कागद तयार आहे.” दोघी येईपर्यंत बाईंनी ओल्या फडक्याने दाराची फळी पुसून घेतली.

पुढच्या रविवारी मुलगी आली. या खेपेला तिने परतीची वेळ सांगितलीच नाही. ती पुन्हा माफी मागायला लागली तेव्हा मास्तर म्हणाले, “तुझी चूक झाली, त्याचं काही वाटत नाही गं. तीन दिवस मीही माझ्यावर विश्वास ठेवला नाही, त्याचं वाईट वाटतं.” मुलीने वडिलांच्या शेजारी खुर्ची ओढली, आणि नवी यादी कुठून उघडायची ते दोघं संध्याकाळपर्यंत बघत बसले. बाईंनी तिसरी खुर्ची आणली. त्या म्हणे नुसत्या बघायला बसल्या होत्या.

मित्रांनो, माझी धूळ महिन्यातून एकदा झटकलीत तर बरं वाटेल. नवा चेहरा देताना मला दोन मिनिटं जास्त दिलीत तर उपकार होतील. पण माझं खरं मागणं वेगळंच आहे. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस एखाद्या यंत्रासमोर बसून पुन्हा पुन्हा तेच करत असेल, तर लगेच म्हणू नका की तुम्हाला आठवत नाही, तुम्हाला जमत नाही. त्यांच्या शेजारी जाऊन बसा. त्यांना एकदा करू द्या. आणि तोंड उघडण्याआधी, पडद्यावर काय होतंय ते नीट बघा.