मुंगी नाही म्हणते

मी 'मुंगीचा डबा'. जाड कागदाचं, मोठ्या अक्षरांचं, पहिली-दुसरीच्या मुलांचं चित्रांचं पुस्तक. आज मी बोलतोय, कारण माझ्या आसपास सगळेच बोलतात. मला वाचायला आणलंय, हे बोलण्याच्या नादात मंडळी साफ विसरून गेलीत.

माझा जन्म पुण्याच्या छापखान्यातला. शाई नीट वाळायच्या आत मला माझ्या भावंडांसकट गठ्ठ्यात बांधलं आणि ट्रॅव्हल्सच्या डिकीत, लोणच्याच्या बरण्या आणि भाकरवडीच्या खोक्यांखाली कोंबून बेंगळुरूला धाडलं. इथल्या मराठी मंडळाने आम्हाला मागवलं होतं. दर शनिवारी एका शाळेत, पहिलीच्या वर्गात, मंडळ मराठीचा वर्ग भरवतं. आठवडाभर ही माणसं कचेरीत इंग्रजी बोलतात, रिक्षात हिंदी बोलतात आणि शनिवारी दुपारी त्यांना एकाएकी मुलांच्या मराठीची काळजी लागते.

आल्या आल्या मला प्लास्टिकचं कव्हर घातलं. 'खराब करू नका हं' असं दहादा बजावून मला वाणीच्या हातात दिलं. वाणी सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. तिने मला उघडलं, मुंगीच्या चित्रावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून हसली. ही आपल्याला वाचणार, असं मला वाटलं. किती भोळा होतो मी!

माझी गोष्ट साधी आहे. मुंगी डब्यात गुळाचा खडा घेऊन निघते. वाटेत बेडूक भेटतो आणि म्हणतो, 'मला दे.' मुंगी म्हणते, 'नाही देणार.' पुढे चिमणी मागते, उंदीर मागतो, हत्तीसुद्धा मागतो. मुंगी कुणालाच देत नाही. शेवटी एका पानाखाली बसून ती डबा उघडते आणि सुखाने एकटी खाते. लिहिणाऱ्या बाईंना मुंगी जशी दिसली तशी त्यांनी लिहिली.

पण वर्ग होता मथुराक्कांचा. अक्का इथल्याच, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेल्या मराठी घरातल्या. माणूस प्रेमळ, आवाज मात्र भोंग्यासारखा. त्यांची शिकवायची एकच रीत होती. त्यांनी ओळ म्हणायची आणि वर्गाने ती मागून ओरडायची. 'नाही देणार' ही ओळ दिसताच त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"छे छे, पोरांना हे शिकवायचं काय?" त्या पुटपुटल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "घे रे बाळा, वाटून खाऊ! हं, म्हणा!"

"घे रे बाळा, वाटून खाऊ!" वर्ग गरजला.

माझ्या पानावर 'नाही देणार' तसंच मुकाट पडून राहिलं. ते कुणालाही दिसलं नाही, कारण खाली कुणी बघतच नव्हतं. कुणी खिडकीबाहेरच्या कुत्र्याकडे बघत होतं, कुणी नाकात बोट घालून छताकडे. देवव्रत नावाचा मुलगा तर बेडकाचं संभाषण हत्तीच्या पानावर उरकायचा. तोंडं तेवढी सगळ्यांची चालू होती. याला हे लोक वाचन म्हणतात!

घरी त्याहून मोठा तमाशा. वाणीची आई आसावरी मूळची नागपूरची, इथे बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला. तिने मोबाइल उभा करून सांगितलं, "बेटा, रीड कर ना मस्तपैकी. आजोबांना व्हिडिओ पाठवायचाय." वाणीने मोबाइलकडे बघत धाडधाड सगळी गोष्ट म्हणून टाकली. हाताने पानं उलटायची तेवढी उलटली. "वॉव, किती फ्लुएंट वाचते गं तू!" आई म्हणाली. नागपूरहून टाळ्यांची चित्रं आली. मी मांडीवर उघडा पडलो होतो. सगळ्या घरात माझ्याकडे न बघणारी माणसंच माझ्या वाचनाचं कौतुक करत होती.

मग एका शनिवारी थंडीने अक्कांचा घसा बसला. गळ्याला मफलर आणि हातात गरम पाण्याची बाटली घेऊन त्या वर्गात आल्या. बोलायला गेल्या तर नुसती हवा बाहेर पडली. मी मनातल्या मनात त्या थंडीचे आभार मानले. अक्कांनी खूण केली, पुस्तकं उघडा, बोट ठेवा. मुलांनी थोडा वेळ गोंधळ घातला. पण मागून ओरडायला पुढे कुणी ओरडतच नव्हतं, तेव्हा हळूहळू वर्ग गप्प झाला.

वाणीचं बोट माझ्या ओळीखाली आलं. इतके दिवस ते फक्त पानं उलटायला यायचं.

"न ला काना, ना. ह ला वेलांटी, ही." ती थांबली. पुन्हा मागे गेली. "ना… ही. नाही! दे… णा… र." तिचे डोळे मोठे झाले. "अक्का, इथे 'नाही देणार' आहे! मुंगी देतच नाहीये!"

अक्कांनी जोरजोरात हात हलवले. तसं नको, नेहमीसारखं म्हण. पण वाणी पुढच्या पानावर जाऊन चिमणीला मुंगी काय म्हणते ते शोधायला लागलीसुद्धा होती. खरं सांगतो, मला भरून आलं. छापून झाल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी मला विचारत होतं की तुझ्यात काय आहे.

त्यानंतर मंडळाचा वर्धापनदिन आला. मंडळाला बिल्ल्यांचा फार सोस. जे मूल व्यासपीठावर पुस्तक वाचेल त्याला 'स्वतंत्र वाचक' असा सोनेरी बिल्ला मिळणार होता. वाणीला तो हवा होता. फ्रॉकवर कुठे लावायचा हेसुद्धा तिने आरशासमोर ठरवलं होतं.

तिने मला उघडलं, बोट ठेवलं आणि वाचायला लागली. खरंखुरं. म्हणजे सावकाश, अडखळत, एकेक अक्षर लावत. "बे… डूक… म्ह… म्हणाला…" समोरची मोबाइल धरलेली मंडळी चुळबुळ करायला लागली. तशात ती बेडकाच्या पानाशी अडली. पहिल्या रांगेतून आसावरी कुजबुजली, "घे रे बाळा, घे रे बाळा!" अक्कांचा आवाज परत आलेला. त्यांनी बाजूने मोठ्याने सांगितलं, "वाटून खाऊ, म्हण गं!"

वाणीने दोघींकडे बघितलं. मग माझ्याकडे. "नाही… देणार," ती वाचून म्हणाली.

लोक हसले. माइकवाल्या गृहस्थांनी "छान, छान, बस हं आता" म्हणत तिला खाली उतरवलं. पाठोपाठ देवव्रत आला. हत्तीचं पान उघडं ठेवून बेडकाची गोष्ट घडाघडा म्हणून गेला. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि सोनेरी बिल्ला त्याच्या शर्टावर लागला.

मी छापील कागद आहे, मला थुंकता येत नाही.

आता आम्ही रिक्षात आहोत. ट्रॅफिक तुंबलाय. "अण्णा, स्वल्प जल्दी," आसावरी रिक्षावाल्याला म्हणते आणि मग वाणीकडे वळते. "काय झालं तुला? आधी किती छान वाचायचीस. सगळं विसरलीस का?"

वाणीचे गाल अजून ओले आहेत. माझं प्लास्टिक कधीच फाटलंय, कोपरे दुमडलेत, बेडकाच्या पानावर तिच्या बोटाचा मळकट डाग पडलाय. ती तेच पान आईसमोर धरते.

"तू वाच."

आसावरी वाचते. मग पुन्हा वाचते. शेवटचं पान उघडते. पानाखाली मुंगी एकटी बसून गूळ खातेय. इतक्या महिन्यांत आसावरी माझ्याकडे पहिल्यांदाच बघतेय.

शहाण्यांनो, तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. पोर अडलं की त्याच्या तोंडात शब्द कोंबू नका. थोडं थांबा. तुमच्या घाईनेच आम्ही पुस्तकं मुकी होतो.

आसावरी काहीतरी बोलायला तोंड उघडते. वाणी डोळे पुसते, मला तिच्या हातातून काढून घेते आणि चिमणीच्या ओळीखाली बोट ठेवते.

"सांगू नको हं, आई," ती म्हणते. "मी वाचतेय."