यानास आलेले पत्र

मित्रांनो, तीस वर्षांपूर्वी मला एक पत्र आले होते. त्याचे उत्तर कित्येक वर्षे गेले नाही. मी एक जुने, पत्र्याचे अंतराळयान आहे; खरे नव्हे, शाळेतली प्रतिकृती. माझ्यासारख्याने स्वतःविषयी काही सांगावे की नाही, याची मला अजून खात्री नाही.

उदगीरच्या पत्राकाम करणाऱ्या सलीमभाईंनी मला तेलाच्या डब्यांपासून घडवले. विज्ञानाचे अण्णाराव सर चित्र धरून शेजारी बसत.

“मास्तर, हा पंखा कशाला?”

“पंखा नाही, अँटेना. म्हणजे यानाचा कान. खरी यानं शनीपलीकडून अशाच कानानं पृथ्वीचं बोलणं ऐकतात.”

“मग असा एक म्युनिसिपालटीला बी बसवा की!”

१९९२ साली किल्लारीकडे जमिनीला हादरे बसू लागले. लोक घराबाहेर झोपत. सर मला एसटीने गावोगाव नेत आणि ग्रहांची माहिती सांगत. एका गावात सातवीतल्या उज्वलाने विचारले, “सर, ह्याला शनीवरचं दिसतं, तर आमच्या जमिनीतलं दिसत न्हाई का?”

सर लाजाळू, पुस्तकात रमणारे. समोर सारे गाव बसलेले. ‘नाही’ म्हणायला त्यांची जीभ वळेना. ते म्हणाले, “दिसतं, बाळ. तसं काही असलं तर आधीच कळेल. आता घरात झोपा.”

टाळ्या वाजल्या. मला अभिमान वाटला. तोच आज सर्वांत जास्त सलतो.

पुढच्या वर्षी, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे, मोठा भूकंप झाला आणि त्या गावातली माळवदे, म्हणजे दगडमातीची जड छपरे, खाली बसली. दोन महिन्यांनी पत्र आले. वर नाव माझे होते.

“यानास नमस्कार. सरांनी सांगितलं म्हणून आई घरात झोपू लागली. ती माळवदाखाली गेली. तुला दिसलं नाही का? दिसलं तर सांगितलं का नाहीस? उज्वला.”

सरांनी ते वाचले, घडी घालून माझ्या पोटात ठेवले आणि झाकण लावले. गावोगाव जाणे थांबले.

पुढे आमच्या प्रयोगशाळेत डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांचे क्लास भरू लागले. क्लासच्या मास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवून शिपायाला विचारले,

“हे परीक्षेला येतं का?”

“न्हाई.”

“मग टाका माळ्यावर.”

तिथे माझा हात मोडला, कानात कोळ्याने जाळे विणले. खरी याने सूर्यापासून अब्जावधी मैल दूर जाऊनही पृथ्वीला उत्तर देत राहिली. मी पोटातल्या एका पत्राचे उत्तर देऊ शकले नाही.

मागच्या महिन्यात त्या क्लासमधल्या उजमाने मला खाली काढले. ती सलीमभाईंची नात. “हा जोड दादाजानच्या हातचा हाय,” म्हणत तिने मला निवृत्त सरांच्या घरी नेले. झाकण उघडताच पत्र पडले.

“सर, जवाब दिला नव्हता?”

“काय लिहू, बेटा?”

“खरं हाय ते.”

सरांनी चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिले, “उज्वला, यानाला जमिनीतले दिसत नाही. भूकंप आधी कुणालाच सांगता येत नाही. हे मला तेव्हाही माहीत होते. लोकांसमोर तसे म्हणायची लाज वाटली. दोष यानाचा नाही, माझा आहे.”

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांवरची धूळ पुसलीत तर बरे वाटेल. पण आमच्या शेजारी उभे राहून कुणाला धीर देताना, आम्हाला जे येत नाही ते येते म्हणू नका.

उजमाने भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावठाणाचा पत्ता शोधून आणला. उज्वला तिथे आहे की नाही, कोण जाणे. काल सर मला काखेत घेऊन टपालपेटीपाशी गेले. पाकीट बराच वेळ फटीत धरून उभे राहिले. मग त्यांनी ते सोडले. ते तळाशी पडल्याचा आवाज मी माझ्या पत्र्याच्या कानाने ऐकला.