वाटून घेणे

शनिवारी सकाळी सिडनीतल्या क्वेकर्स हिलच्या हॉलमध्ये चारुता मुलांना मराठी शिकवायची. त्या दिवशी तिने फळ्यावर 'वाटणे' लिहिलं, प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाली, "हे मी वाटले. तुम्ही आपापसात वाटलेत, तर ते 'वाटून घेतलेत'. आता वाक्यं करा."

"मी आणि दादाने पिझ्झा वाटून घेतला," मिहिर म्हणाला.

"शाब्बास!"

मग तनया उठली. दहा वर्षांची, चारुताचीच मुलगी.

"आई-बाबांनी मला आणि रुद्रला वाटून घेतलं."

मागे बसलेल्या पालकांपैकी कुणीतरी मोबाइलमध्ये डोकं घातलं. चारुताचे कान तापले.

"वाटतात त्या वस्तू, तनया. माणसं नाही."

"ओके. मग आम्हाला काय केलं? व्हॉट्स द वर्ड?"

"पुढे कोण?" चारुताने विचारलं.

नवऱ्यापासून, यतीनपासून वेगळं होताना तोडगा तिनेच काढला होता. भांडण नको, वकील नकोत. तनया तिच्याकडे, धाकटा रुद्र यतीनबरोबर कॅनबेराला, गुंगालिन उपनगरात. कुणाचंच घर रिकामं राहणार नाही. यतीन चटकन हो म्हणाला. किती मॅच्युअरली केलंत, म्हणून मैत्रिणींनी कौतुकही केलं. मुलांना मात्र कुणी विचारलं नव्हतं.

घरी येताच तिने यतीनला फोन लावला. "या सुट्टीत रुद्रला इकडे पाठव. दोघं एकत्र राहू देत. नाहीतर तनयाला तरी तिकडे ने."

"आम्ही स्नोला चाललोय, बुकिंग झालंय. आणि चारू, मधेच काही बदलायचं नाही, मुलं गोंधळतात, हे तुझंच म्हणणं ना?"

म्हणाली होती खरी.

"रुद्रला दे."

रुद्र आला. "हाय मम."

"ताईची आठवण येते का रे?"

"इट्स ओके, मम. आय एम यूज्ड टु इट."

तिने फोन तनयापुढे धरला. तनयाने टीव्हीवरची नजर काढली नाही. "काय बोलू? तुम्हीच ठरवता ना सगळं."

पुढच्या शनिवारी तनया क्लासला आली नाही, शेजारच्या मैत्रिणीकडे थांबली. चारुतानेही आग्रह केला नाही. हॉलमध्ये मिहिरच्या आईने विचारलं, तेव्हा "तिला जरा बरं नाही" असं सांगून ती फळ्याकडे वळली.